क्रूझवर आई-बाबांचं रात्रीचं जेवण आणि मुलांची सोय: खान्देशातून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, चाळीसगाव. कुठूनही फोन आला तरी क्रूझचं बुकिंग करताना विचारलं जातं ते केबिनबद्दल, खिडकीबद्दल, व्हिसाबद्दल. संध्याकाळी सात ते दहा पोरांचं काय करायचं, हे मात्र जहाजावर चढल्यावर आठवतं. म्हणून हे प्रश्न निघायच्या आधीच वाचून ठेवा.

मुलांना कुठेतरी ठेवून आपण दोघांनी जेवायला जायचं, हे बरं दिसतं का?

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पोरं आईच्या मांडीला टेकूनच जेवतात, त्यामुळे हा प्रश्न येणारच. पण जहाजाच्या मुख्य जेवणघरात ताट एकदम वाढून येत नाही. आधी सूप किंवा सॅलड, मग मुख्य पदार्थ, मग गोड. मध्ये थांबणं, गप्पा. दीड-दोन तास आरामात जातात. चार वर्षांचं मूल पंधरा-वीस मिनिटांत जेवून मोकळं होतं आणि उरलेला वेळ टेबलाखाली काढतं. मग आई एकीकडे चमचा धरते, बाबा दुसरीकडे मोबाइल, आणि सूप गार होतं. रोज तिथेच जेवायची सक्ती कोणी केलेली नाही, बुफे असतोच. पण एखाददुसरी संध्याकाळ दोघांनी निवांत बसायचं असेल तर त्याची सोय जहाजावर आहे आणि ती वापरण्यात गैर काही नाही.

सांभाळायला नक्की कोण असतं?

मोठ्या जहाजांवर किड्स क्लब असतो. वयानुसार गट, खेळ, चित्रकला, सिनेमा, आणि सांभाळायला शिकाऊ पोरं नाहीत तर त्याच कामासाठी नेमलेले कर्मचारी. रॉयल कॅरिबियनच्या क्लबचं नाव अॅडव्हेंचर ओशन, कार्निव्हलचा कॅम्प ओशन, नॉर्वेजियनचा स्प्लॅश अकॅडमी. भाड्यातच तो धरलेला असतो, दिवसा आणि रात्री साधारण दहापर्यंत वेगळे पैसे पडत नाहीत. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावरही मुलांसाठी क्लब आहे. मात्र त्याच्या वेळा आणि वयाची अट तुमच्या तारखेसाठी लेखी मागून घ्या, तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

तुमच्या केबिनमध्ये येऊन बाळ सांभाळणारी बाई मिळेल, अशी आशा धरू नका. ही सोय आता फार थोड्या जहाजांवर उरली आहे.

किती वयापासून घेतात?

बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण. कार्निव्हल दोनपासून घेते. पण बहुतेक ठिकाणी वयापेक्षा मोठी अट दुसरीच असते: डायपर पूर्ण सुटलेला हवा. चड्डीसारखा ओढून घालायचा डायपरही चालत नाही. तीन वर्षांचं मूल रात्रीपुरता डायपर घालत असेल तर संध्याकाळी क्लबात जाताना साध्या चड्डीवर पाठवा आणि नेण्याआधी शू करवून घ्या.

त्याहून लहानांसाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं, सहा महिने ते तीन वर्षं. त्याला तासाप्रमाणे पैसे पडतात आणि जागा मोजक्या असतात. कुनार्ड आणि ब्रिटनची पी अँड ओ यांच्या काही जहाजांवर संध्याकाळी झोपलेलं बाळ ठेवायची रात्रीची नर्सरीसुद्धा आहे. सहा महिन्यांखालचं बाळ बहुतेक कंपन्या जहाजावरच घेत नाहीत. प्रवासात सलग तीन किंवा जास्त दिवस किनारा नसेल तर ही मर्यादा सहसा एक वर्षावर जाते.

पहिली पंगत घ्यावी की दुसरी?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर जहाजावर नाही, तुमच्या घरच्या घड्याळात आहे. मुख्य जेवणघरात दोन वेळा असतात. पहिली संध्याकाळी साडेपाच-सहाची, दुसरी आठ-साडेआठची. बुकिंग करणारा सरळ सांगतो, ‘लहान मुलं आहेत ना, मग पहिली घ्या.’ ते नेहमी बरोबर नसतं.

सिंगापूरचं पाहा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे जहाजावर साडेपाच वाजले तेव्हा जळगावात दुपारचे तीन. पोरगं नुकतंच जेवून उठलेलं असतं, त्याच्यापुढे सूप ठेवलं तर ते तोंडच फिरवणार. तिथली दुसरी पंगत आठची, घरचे साडेपाच. आणि क्लब रात्री दहाला बंद होतो तेव्हा मुलाच्या शरीराला वाटतं साडेसात वाजलेत. ते टक्क जागं असतं. तीन-चार रात्रींच्या फेरीत शरीराचं घड्याळ बदलतही नाही. त्यामुळे सिंगापूरला आम्ही दुसरी पंगत सुचवतो.

इटली-स्पेनकडे उलटं. उन्हाळ्यात आपण तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो. तिथली साडेआठची पंगत म्हणजे धुळ्यातली रात्रीची बारा. मूल खुर्चीतच लवंडतं. तिकडे पहिलीच घ्या, निदान सुरुवातीचे तीन-चार दिवस. दुबईचा फरक फक्त दीड तासाचा. तिथे सहा वाजता घरी साडेसात, म्हणजे पहिली पंगत अगदी घरच्या जेवणाच्या वेळेला येते. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर हा हिशेबच नको.

वेळ नक्की करता येत नसेल तर ‘माय टाइम’ किंवा तशाच नावाची मोकळ्या वेळेची सोय असते. पण गर्दीच्या दिवसांत दाराशी उभं राहावं लागतं, आणि भुकेल्या मुलाला घेऊन रांगेत उभं राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

आधी मुलांना जेवू घालून मग आपण जायचं, हे प्रत्यक्षात कसं जमवायचं?

आम्हाला सगळ्यात पटलेली पद्धत हीच. मुलांचं पोट आधी, आपलं टेबल नंतर.

सहा-साडेसहाला मुलांना घेऊन बुफेत जा. त्या वेळी तिथे गर्दी कमी असते, उंच खुर्ची मागितली की मिळते. एकाने मुलांजवळ बसायचं, दुसऱ्याने ताट आणायचं. ताटात चार गोष्टी पुरेत: साधा भात, डाळ, दही, उकडलेला बटाटा किंवा नुसता पास्ता. बारा पदार्थ आणले तर मूल बघत बसतं, खात नाही. आपण तेव्हा फार तर सूप घ्यायचं. मग केबिनमध्ये हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, शू करवायची, आणि सातच्या पुढे क्लबात सोडायचं. आठला तुम्ही टेबलावर.

यात एक खाच आहे. बऱ्याच जहाजांवर क्लब दुपारी पाचच्या सुमारास बंद होतो आणि सातला पुन्हा उघडतो, कारण कर्मचाऱ्यांनाही जेवायचं असतं. पहिली पंगत नेमकी या मधल्या वेळेत येते. ‘मुलं क्लबात सोडू आणि साडेपाचला जेवू’ असं ठरवून गेलेले आई-बाप बंद दारापाशी उभे दिसतात. पहिल्या दिवशी क्लबच्या दारावरचा तक्ता मोबाइलने टिपून ठेवा, बंदराच्या दिवशी वेळा बदलतात.

आणि क्लब म्हणजे जेवणाची जागा नव्हे. बहुतेक ठिकाणी तिथे रात्रीचं जेवण देत नाहीत. काही कंपन्यांवर मात्र ठरावीक संध्याकाळी क्लबचे कर्मचारी मुलांना घेऊन जेवायला बसतात. एमएससीकडे अशी सोय आहे, कार्निव्हलकडेही असते. नाव नोंदवावं लागतं.

मुलांनी आमच्यासोबतच जेवावं आणि नंतर क्लबात जावं, असं होत नाही का?

होतं, आणि छान होतं. रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर पहिल्या पंगतीला मुलांचं जेवण पाऊण तासाच्या आत वाढतात आणि मग क्लबचे कर्मचारी जेवणघरातूनच त्यांना घेऊन जातात. डिस्नीच्या जहाजांवर हीच सोय दुसऱ्या पंगतीला असते. सगळ्यांनी एका टेबलावर बसल्याचं समाधान मिळतं आणि गोड खाताना दोघांनाच बोलायला वेळही.

अशी सोय तुमच्या जहाजावर नसली तरी अर्धं काम वेटर करतो. पहिल्या रात्रीच त्याला सांगा, मुलांचं ताट आमच्या सूपबरोबर आण. रोज तोच वेटर असतो, दुसऱ्या दिवशी सांगावं लागत नाही. कित्येकदा तो भारतीयच निघतो, गोव्याचा नाहीतर केरळचा, आणि मग दही-भाताची गोष्ट हिंदीत दोन वाक्यांत मिटते.

आमचा मुलगा बाहेरचं खातच नाही. ‘पोऱ्या उपाशी ऱ्हाई ना!’ असं आजीचं सुरू आहे.

राहत नाही. मुलांचा वेगळा मेनू असतो: पास्ता, पिझ्झा, फ्राइज, नगेट्स, सँडविच. त्यातलं नगेट्स बहुधा चिकनचं असतं हे शाकाहारी घरांनी आधीच मुलांना सांगून ठेवा, दिसायला ते बटाट्याच्या वड्यासारखंच दिसतं. सिंगापूर, दुबई आणि मुंबईच्या जहाजांवर भारतीय पदार्थ रोज असतात. भात, डाळ, एखादी भाजी, रोटी नक्की.

अडचण वेगळीच येते. आपली पोरं शेवभाजी आणि भरीत खाऊन वाढलेली. जहाजावरची डाळ त्यांना गोडसर, मलईदार, ‘आजारी माणसाची’ वाटते. कळण्याची भाकरी तिथे मिळणार नाही आणि वरण-बट्टीही नाही. लिंबू, हिरवी मिरची, लोणचं वेटरकडे मागा, देतात. केळं सकाळच्या बुफेत असतंच, तेही आपल्या रावेर-यावलच्या ग्रँड नैनसारखं कॅव्हेंडिश गटातलंच. एक उचलून केबिनमध्ये ठेवा, रात्री अकराला भूक लागली तर कामी येतं. बंदरावर उतरताना मात्र फळ बाहेर नेऊ नका, बऱ्याच देशांत त्याला मनाई आहे.

घरून काय नेता येतं?

कंपनीचं सीलबंद पाकीट असलेलं कोरडं खाणं साधारण चालतं: खाकरा, बिस्किटं, लाह्या, राजगिऱ्याचे लाडू. घरी शिजवलेलं, डब्यातलं, ओलं काही चढू देत नाहीत. लहान बाळाच्या पावडरच्या दुधाला आणि तयार बेबी फूडला सूट असते.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. एक, खसखस. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि सिंगापुरातही ती नेणं अंगाशी येऊ शकतं. आपल्या काळ्या मसाल्यात ती असते आणि दिवाळीच्या अनारशांवर तर भरभरून. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी फराळाच्या डब्यातून अनारसे घरीच काढून ठेवावेत. दुसरी, शेंगदाणे. आपल्याला चटणी, चिक्की, कूट यांत काही वावगं वाटत नाही, पण क्लबात एखाद्या मुलाला शेंगदाण्याची जबरदस्त अॅलर्जी असू शकते. बहुतेक क्लब बाहेरचं खाणं आत घेतच नाहीत. मुलाच्या खिशात चिक्की देऊ नका.

केबिनमध्ये इलेक्ट्रिक किटली किंवा छोटा कुकर चालेल का? नुसती खिचडीच तर टाकायची आहे.

नाही. गरम करणारी कुठलीही वस्तू, किटली, इस्त्री, पाण्यात बुडवायचा रॉड, सामान तपासतानाच काढून घेतात. समुद्रात आग ही सगळ्यात मोठी भीती, त्यामुळे इथे गयावया चालत नाही. गरम पाणी रूम स्टुअर्डकडे थर्मासमध्ये मागा.

बाळाला पेज, वरणाचं पाणी, मऊ भात लागतो.

मऊ भात आणि डाळ जेवणघरात सांगितली तर मिळते. उकडलेल्या भाज्या वाटूनही देतात, पण आदल्या रात्री हेड वेटरला सांगावं लागतं. दूध बुफेत असतं. बाळ फक्त ठरावीक पावडरचंच दूध पीत असेल तर सगळ्या दिवसांची पावडर घरूनच न्या, जहाजावरच्या दुकानात ती मिळेल यावर विसंबू नका. बाटल्या धुवायला आपला ब्रश आणि साबण न्या. नागलीचं सत्त्व नेणार असाल तर दुकानातलं सीलबंद पाकीट घ्या, घरचं नको.

आम्ही जैन आहोत, चौविहार पाळतो, म्हणजे सूर्यास्तानंतर काही खात-पीत नाही.

बुकिंगच्या वेळीच जैन जेवण नोंदवा आणि चढल्यावर पुन्हा हेड वेटरकडून खात्री करा. कॉर्डेलियावर जैन जेवण मिळतं. परदेशी जहाजांवर आधी कळवलेलं असेल तर सोय करतात. सूर्यास्ताचा हिशेब सिंगापुरात सोपा आहे, वर्षभर तो सातच्या आसपासच असतो, म्हणून पहिली पंगत किंवा सहाचा बुफे. मघाशी दुसऱ्या पंगतीची शिफारस केली ती तुम्हाला लागू नाही. मुलांना दुपारी थोडं कमी खायला द्या, म्हणजे सहाला भूक लागेल.

मुलीला इंग्रजी येत नाही. क्लबात तिचं कसं होणार?

पाच वर्षांपुढची मुलं खेळता खेळता जमवून घेतात, ब्लॉक आणि रंगांना भाषा लागत नाही. तीन-चार वर्षांची असेल तर निघायच्या आधी घरी पाच-सहा शब्द पक्के करा: वॉटर, टॉयलेट, मम्मी, पेन, नो, हंग्री. टॉयलेट तर नक्कीच. क्लबच्या फॉर्मवर ती घरी शू-शी साठी कोणते शब्द वापरते ते रोमन लिपीत लिहून द्या. कर्मचारी असे फॉर्म खरंच वाचतात. दुपारी अर्धा तास तुम्ही शेजारी बसून तिला खेळू द्या, मग संध्याकाळी एकटं सोडा. पहिल्यांदाच थेट रात्री सोडलं तर रडारड होणार.

रडला, किंवा येईनाच म्हणाला तर?

तुम्हाला बोलावतात. जहाजाच्या अॅपवर संदेश येतो किंवा क्लब तुम्हाला छोटा फोन देतो. जेवायला बसताना तो टेबलावर वर ठेवा, पर्समध्ये नाही. नाव नोंदवताना तुम्ही कोणत्या जेवणघरात, कोणत्या टेबलावर आहात तेही सांगून जा.

न्यायला कोण येऊ शकतं त्याची यादी देता येते. परवलीचा शब्द किंवा कार्ड दाखवल्याशिवाय मूल सोडत नाहीत. काकाला यादीत घातलं नसेल तर तो सख्खा असला तरी रिकाम्या हाताने परत येतो. वाईट वाटून घेऊ नका, नियम आपल्याच पोरांसाठी आहे.

मूल झोपलं की केबिनला कुलूप लावून तासभर जेवून आलो तर? बेबी मॉनिटर आहे.

नाही. कारण एकच नाही, पण एक पुरेसं आहे: जहाजावर धोक्याची घंटा वाजली तर तुम्ही चार मजले खाली आणि मूल आत. शिवाय पोलादी भिंतींमुळे मॉनिटरचा सिग्नल पोचतो न पोचतो. बाल्कनीची केबिन असेल तर विचारूच नका. मूल झोपलंच असेल तर रूम सर्व्हिस मागवा. काही कंपन्या त्याचे पैसे लावतात, काही नाही. बाल्कनीत दोघांनी बसून खा, आतलं दार उघडं ठेवा, आणि बाल्कनीच्या खुर्च्या कठड्यापासून लांब.

आजी-आजोबा बरोबर आहेत. मग क्लब कशाला?

आपल्याकडची निम्मी कुटुंबं असंच म्हणतात आणि ते खरंही आहे, आजी असली की मूल निर्धास्त झोपतं. फक्त एवढंच पाहा की आजी क्रूझवर नातू सांभाळायलाच आणलेली नाही. तिलाही डेकवरचा कार्यक्रम बघायचा असतो, ती म्हणत नाही इतकंच. वाटून घ्या: एक रात्र आजी-आजोबा, एक रात्र क्लब, एक रात्र सगळे मिळून. आजी-आजोबांची केबिन शेजारची किंवा मधल्या दाराची घ्या, बुकिंगच्या वेळीच, नंतर मिळत नाही. आणि त्यांची नावं क्लबच्या यादीत घालायला विसरू नका.

दहाच्या पुढे थांबता येतं का?

बऱ्याच जहाजांवर दहानंतर तासाप्रमाणे पैसे घेऊन एक-दोनपर्यंत ठेवतात. लहान मुलं तिथे गादीवर झोपतातही. झोपलेलं पोर खांद्यावर टाकून लांबच लांब गल्लीतून केबिनपर्यंत आणायची तयारी ठेवा.

अंगात कसकस आहे, पोट बिघडलंय. क्लब घेईल का?

नाही, आणि लपवून पाठवू नका. उलटी-जुलाब जहाजावर झपाट्याने पसरतात. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाण्याने हात धुणं हाच उपाय. बुफेच्या दारात फवारा मारून घेतला तरी मुलांचे हात आधी नळाखाली घाला. क्लबचे कर्मचारी नेहमीची औषधं देत नाहीत. रात्रीचा डोस असेल तर तो सोडायच्या आधी द्या. दमा किंवा अॅलर्जी असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा.

एक मुलगी सहाची, एक दहाचा. एकत्र ठेवतील?

गट वयाने पडतात, त्यामुळे सहसा वेगळे. मोठ्याला धाकट्यांच्या गटात बसू देतात का ते विचारा, उलटं होत नाही. मोठ्या मुलांना आपलं आपण बाहेर पडायची परवानगी काही क्लब देतात. ती दिलीत तर तो धाकटीला घेऊन येऊ शकेल असं समजू नका.

मुंबईच्या जहाजावर पहिल्याच रात्री मुलांना क्लबात सोडून दोघांनी जेवायचं ठरवू का?

नको. खान्देशातून येणारं मूल तोवर दमलेलं असतं. भुसावळ-जळगावकडची गाडी सीएसएमटीला येते, तिथून बॅलार्ड पिअर जवळ आहे. नंदुरबारवाले सुरतेच्या बाजूने येतात, त्यांना टॅक्सीचा आणखी वेळ धरावा लागतो. आदल्या रात्रीच मुंबईत मुक्काम करा. चढल्यावर सुरक्षेची कवायत असते, तिथे मुलांनाही नेतात. बऱ्याच कंपन्या मुलांच्या मनगटाला पट्टी बांधतात, तिच्यावर जमायच्या जागेचा क्रमांक असतो. ती रात्री काढू नका. क्लबात असताना घंटा झाली तर मुलांना तुमच्या जागी आणतात की तुम्ही घ्यायला जायचं, हे त्याच वेळी विचारून घ्या.

पहिल्या रात्री सगळ्यांनी बुफेत जेवा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लबात नाव घाला. मे महिना, दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत नाव आधी अॅपवर घालता येत असेल तर घरूनच घालून या.

जहाज हललं आणि जेवल्या जेवल्या मळमळलं तर?

त्या संध्याकाळी तेलकट आणि आइस्क्रीम टाळा. साधा भात, टोस्ट, सफरचंद. केबिन निवडताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधल्या भागातली घेतली तर हलणं कमी जाणवतं. मुलांसाठी गोळी कोणती आणि किती, ते आपल्या डॉक्टरांकडून निघायच्या आधी लिहून घ्या. मळमळणाऱ्या मुलाला क्लबात न सोडता एकाने जवळ थांबावं, दुसऱ्याने वर जाऊन जेवून यावं आणि मग जागा बदलावी. गोड पदार्थ केबिनमध्ये आणायचा असेल तर वेटरला सांगा, बहुतेक वेळा झाकून देतो.